कॉलेज बंद असताना फार्मसीचं प्रॅक्टिकल

२५ मार्च २०२०पासून देशभर टाळेबंदी लागली आणि फार्मसी कॉलेजांच्या प्रयोगशाळांना कुलूप लागलं. थिअरी मोबाइलवर कशीबशी चालली, प्रॅक्टिकल मात्र अडलं. व्हिडिओ बघून जर्नल उतरवलं म्हणून हात तयार होत नाही, आणि उद्या काउंटरवर औषध देणार आहेत ती हीच मुलं. पुन्हा तशी वेळ आली तर प्रॅक्टिकल असं घ्यावं.

आधी सत्रातल्या प्रयोगांची यादी समोर घ्या आणि प्रत्येक प्रयोगाचे तीन भाग करा: हिशोब, बोलणं आणि हातकाम. पहिले दोन घरून होतात. तिसरा होत नाही, त्यामुळे तो राखून ठेवा.

हिशोबासाठी त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं औषधच घ्या: हँडरब. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १० लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली आणि बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी असतं. मुलांना यात शेवटी इथेनॉल किती टक्के उतरतं ते काढायला सांगा (८० यायला हवं). मग अट बदला: दुकानात ९५ टक्क्यांचंच इथेनॉल मिळालं, तर किती घ्याल? उत्तर सुमारे ८४२१ मिली. यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: पाणी किती? बरीच मुलं वजाबाकी करून १०१७ मिली लिहितील. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की एकूण आकारमान घटतं, म्हणून पाणी मोजून ओतायचं नसतं, १० लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं असतं. हे मुलांकडूनच वदवून घ्या. सांगून टाकू नका. पेरॉक्साइड कशाला, हेही विचारा. ते हातावरच्या जंतूंसाठी नसून द्रावणातले आणि बाटलीतले बीजाणू मारण्यासाठी असतं, म्हणूनच भरलेल्या बाटल्या ७२ तास तशाच ठेवतात. घरी कुणीही हे करून बघायचं नाही, अशी स्पष्ट ताकीद द्या. इथेनॉल भडकन पेट घेतं.

बोलण्याचा भाग साध्या फोनवर घ्या. सुरगाण्याच्या किंवा एटापल्लीच्या पाड्यावर व्हिडिओ अडकतो, आवाज बहुधा पोचतो. दोघादोघांच्या जोड्या लावा. एक गिऱ्हाईक, एक फार्मासिस्ट.

"दादा, कोरोना होऊ नये म्हणून ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन द्या ना. चिठ्ठी नाही माझ्याकडे."

२६ मार्च २०२०च्या आदेशाने या गोळीच्या किरकोळ विक्रीला शेड्यूल एच१चे नियम लागू झाले होते. त्यामुळे चिठ्ठीशिवाय ती देता येत नव्हती, पण 'मिळणार नाही' एवढ्यावरच उत्तर थांबलं तर अर्धेच गुण द्या. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना ती रोज लागते, त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, हे सगळं गिऱ्हाइकाला न दुखावता सांगता आलं पाहिजे. चिठ्ठी असलेला दुसरा प्रसंग द्या आणि वहीत एच१चं रजिस्टर आखून घ्या: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, दिलेली संख्या. खरं रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं, हेही तिथेच लिहायला लावा.

कॉलेज उघडलं की आठ-दहा जणांच्या तुकड्या करा, मास्क आणि अंतर ठेवून. या तासांत फळ्यावर काहीही शिकवू नका. हिशोब झालेला आहे. तराजू, पिपेट, खल, मलम घोटणं, एवढंच. पिपेट बल्बनेच भरायचं, तोंडाने ओढायचं नाही. मेजरिंग सिलिंडर सपाट टेबलावर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीत आणून खालच्या वक्राचं वाचन घेतलं जातंय का, हे प्रत्येकाजवळ उभं राहून बघा. ज्याचं वाचन चुकेल त्याने तिथल्या तिथे पुन्हा करायचं.

आजारी पडलेल्या किंवा विलगीकरणात अडकलेल्या मुलांसाठी शेवटची एक तुकडी मोकळी ठेवा आणि त्यांच्या हजेरीचे गुण कापू नका.