उद्घाटनानंतर हातात किती उरतात?

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कुठंच जमलं नाही, तर एखादं दुकान टाकून देऊ.’ यात दुकानाचाही अपमान आहे आणि मुलाचाही. ज्याला हिशेबाचा कंटाळा, माणसांचा कंटाळा आणि सकाळी उठायचाही कंटाळा, त्याच्यासाठी दुकानाइतकी वाईट जागा नाही. दिवसभर उभं राहून, शंभरदा तोच भाव सांगून रात्री आठला आलेल्या गिऱ्हाइकाशीही जो धड बोलू शकतो, त्याने किंवा तिने मात्र हा रस्ता इंजिनिअरिंगइतक्याच गांभीर्याने तपासून बघावा. पालकांना धास्ती वाटते ती पैसे बुडण्याची, आणि ती रास्त आहे. पण छोटी दुकानं बुडतात ती बहुतेक वेळा पहिल्या दिवशी जास्त पैसे घातल्यामुळे. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बुडाली, असं तुलनेने कमी वेळा होतं.

भांडवलाच्या आधी उमेदवारीचं बोलू. कच्छी, गुजराती, मारवाडी व्यापारी घरांत मुलगा आधी काकाच्या किंवा ओळखीच्या पेढीवर राबतो आणि मग स्वतःचं शटर उघडतो. आपल्याकडे मात्र आधी गाळा बघतात, मग नाव ठरतं, मग पाटी, आणि माल कुठून आणायचा हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की ज्या धंद्यात शिरायचंय त्याच धंद्यातल्या दुकानात सहा महिने नोकरी करा. शक्यतो दुसऱ्या गावात करा, म्हणजे मालकाला आपण उद्याचे स्पर्धक वाटणार नाही. पगार तुटपुंजा असेल, मिळेल तो घ्या. तिथे बघायचं ते काउंटरच्या आतल्या बाजूचं. सेल्समन आल्यावर मालक कोणत्या वस्तूला ‘नको’ म्हणतो? डझनावर एक फुकट अशी स्कीम असूनही का नाकारतो? कोणत्या मालाला रोज उठाव आहे आणि कोणता वर्षभर धूळ खातो? उधारी कोणाला देतो, कोणाला हसून टाळतो? हे कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

अभ्यासक्रमच हवा असेल, तर बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘आरसेटी’, राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहेत आणि तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही असे वर्ग घेतं. पदवीची काळजी करणाऱ्या पालकांसाठी सांगतो, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. दुकान सांभाळून बी. कॉम. करता येतं, आणि करावंच.

आता एक उदाहरण घेऊ. तालुक्याचं गाव, जवळ दोन शाळा आणि एक कनिष्ठ महाविद्यालय, आणि काढायचंय स्टेशनरीचं दुकान. स्टेशनरीच का? एक तर हा माल नासत नाही. दुसरं, थोड्या पैशांत सुरुवात होते. आणि रात्री साडेआठला ‘उद्या प्रोजेक्ट द्यायचाय’ म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाला एकच कार्डशीट आणि फेविकॉलची छोटी बाटली हवी असते. तेवढ्यासाठी त्याची आई डीमार्टला जात नाही. पुण्या-मुंबईत भर वस्तीत किराणा थाटायचा विचार असेल, तर समोर मोठी साखळी दुकानं आहेत आणि दहा मिनिटांत घरपोच आणणारी ॲपही आहेत. तिथे किमतीच्या लढाईत छोट्याने उतरू नये. लहान गावात अजून जागा आहे.

समजा, घरातून जमवून तीन लाख रुपये हातात आहेत. माझी वाटणी अशी: गाळ्याची अनामत ५० हजार, रॅक, काउंटर, दिवे आणि पाटी मिळून ४५ हजार, झेरॉक्स आणि प्रिंट काढणारा इंक टँक प्रिंटर १५ हजार, पहिला माल एक लाख. झाले दोन लाख दहा हजार. उरलेले ९० हजार बँकेत. बहुतेक घरांत भांडण होतं ते याच ९० हजारांवरून. मुलाला वाटतं दुकान रिकामं दिसतंय, अजून माल भरू. मामा म्हणतो, फर्निचर जरा चांगलं कर, गिऱ्हाइकावर छाप पडते. कोणाचंही ऐकू नका. त्यातले ३३ हजार म्हणजे तीन महिन्यांचं भाडं, वीज आणि किरकोळ खर्च, आणि ५७ हजार दुसऱ्या खरेदीसाठी. पहिल्या खरेदीत तुम्ही अंदाजाने माल आणता. काय खपलं हे महिन्याभरात कळतं आणि शहाणपणाची खरेदी तिथून सुरू होते. त्या वेळी खिसा रिकामा असेल, तर जे खपतंय तेच दुकानात नसतं आणि जे खपत नाही त्याने रॅक भरलेले असतात. जुने रॅक आणि काउंटर बंद होणाऱ्या दुकानांतून निम्म्या भावात मिळतात. वहीला रॅक नवा की जुना, काही फरक पडत नाही.

माल कुठून? पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, नागपुरात इतवारी. पहिल्या फेरीत काहीच विकत घेऊ नका. चार दुकानांत एकाच वस्तूचा भाव विचारा, पक्कं बिल देतात का विचारा, न खपलेला माल बदलून देतात का हेही विचारा. दोन रुपये महाग देऊन बदलून देणारा घाऊक व्यापारी स्वस्तवाल्यापेक्षा परवडतो.

आता रोजची विक्री. पालकांनी मुलाला समोर बसवून हे गणित कागदावर करायला लावावं. भाडं आठ हजार, वीज आणि इंटरनेट दोन हजार, किरकोळ एक हजार: महिन्याचा खर्च ११ हजार. वह्यांवर कमी सुटतं, हस्तकलेच्या सामानावर आणि भेटवस्तूंवर जास्त. सरासरी विक्रीच्या १८ टक्के हातात राहतात असं धरू. दुकान महिन्यातले २६ दिवस उघडं असेल, तर नुसता खर्च भागवायला रोज साधारण २,३५० रुपयांची विक्री हवी. मुलाने स्वतःच्या मेहनतीचे १५ हजार काढायचे म्हटले, तर हाच आकडा ५,५५० वर जातो. म्हणजे महिन्याला जवळपास एक लाख ४४ हजारांची विक्री. दुकानात माल आहे एक लाखाचा. तो महिन्याभरात सगळा विकून पुन्हा भरला, तरी तेवढी विक्री होत नाही. जूनमध्ये हे जमेल, नोव्हेंबरात नाही.

म्हणून पहिल्या वर्षाचं लक्ष्य २,३५० चं ठेवा. आणि त्या वर्षात मुलाचं जेवणखाण घराने सांभाळावं. पालकांनी भांडवल थोडं कमी दिलं तरी चालेल, पण वर्षभर ‘पगार कुठाय?’ हा प्रश्न विचारू नये. माझ्या मते मदतीचा हा प्रकार पैशापेक्षा महाग आहे आणि फार कमी घरांना जमतो.

कर्जाचं काय? ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं: शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत. कर्ज वाईट नाही, पण हप्त्याचं भाषांतर रोजच्या विक्रीत करून बघा. दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता साधारण ४,३५० येतो. वर सांगितलेलं २,३५० चं लक्ष्य लगेच ३,२८० होतं. रोज, पावसात आणि परीक्षेच्या सुट्टीतही. पहिलं वर्ष स्वतःच्या पैशांवर काढून, विक्रीची नोंद आणि विवरणपत्र घेऊन बँकेत गेलेल्या मुलाशी मॅनेजरही वेगळं बोलतो. जमीन किंवा आईचे दागिने गहाण ठेवून दुकान काढू नये, याबाबतीत मी हट्टी आहे. आणि ‘पाच लाख भरा, महिन्याला हमखास उत्पन्न’ अशा फ्रँचायझीच्या जाहिरातींपासून तर चार हात लांब.

स्टेशनरीचा धंदा हंगामी आहे, हे आधीच कळलेलं बरं. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. त्या काही आठवड्यांत वर्षाचा मोठा वाटा येतो. मग राख्या, गणपतीची सजावट, आकाशकंदील, रांगोळी, रंग. हंगामी मालाने दुकान हलतं ठेवता येतं, पण पौर्णिमा उलटल्यावर उरलेल्या राखीला कोणी विचारत नाही. असा माल कमीच आणावा, संपला तर संपला. शिवाय शासनाचा एखादा निर्णयही धक्का देऊन जातो. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घालण्यात आली. ती २०२५-२६ पासून काढली. वही विकणाऱ्याने अशी बातमी शिक्षकाच्याही आधी वाचलेली असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हाही जुन्या भावाचा माल घरात भरून ठेवलेल्यांची पंचाईत झालीच असणार.

कागदपत्रांचा बाऊ करू नका, पण टाळूही नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिलाच सगळे ‘शॉप ॲक्ट’ म्हणतात. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. चॉकलेट-बिस्किटं ठेवणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा अक्षर लहान नको. फक्त मालाचा व्यापार असेल, तर वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा अनेकांना हा फरक पहिल्यांदा समजला. म्हणून दुकानाचा क्यूआर कोड वेगळ्या खात्याला जोडा, बहिणीने पाठवलेले पैसे त्यात नकोत.

गाळ्याच्या कराराबद्दल मात्र ठासून सांगतो. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडे किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडं दरवर्षी किती वाढणार, मधेच सोडलं तर काय, हे त्यात असू द्या. धंदा जरा चालायला लागला की भाडं दुप्पट मागणारे मालक कमी नाहीत.

उधारी. नवीन दुकानदाराला सर्वांत आधी उधार मागतात ते नातेवाईक आणि शाळासोबती. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. अनोळखी माणसाची उधारी एक वेळ वसूल होते, मावसभावाची होत नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी लावून काही थांबत नाही, आकडा ठरवावा लागतो. एकूण उधारी कधीही पाच हजारांवर जाऊ द्यायची नाही, असं ठरवा, आणि घरातल्या एखाद्या कडक माणसाला वहीचा ताबा द्या. बहुतेक घरांत हे काम आईच चांगलं करते. शाळेची मोठी ऑर्डर मिळाली तर हुरळून जाऊ नका. बिल मंजूर व्हायला तीन महिने लागले, तर तुमचे ५७ हजार तिथेच अडकले.

‘पोरगी दुकानात बसणार?’ असं अजूनही विचारलं जातं. गावोगावची मॅचिंग सेंटरं आणि शिवणकामाच्या सामानाची दुकानं बाया समर्थपणे चालवतात, त्यांच्याकडे एकदा बघून यावं. मुलाच्या बाबतीत प्रश्न लग्नाचा निघतो, कारण मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा असतो. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण दोन-तीन वर्षं आयकर विवरणपत्र भरलेलं असेल, तर बोलणी निदान आकड्यांवर येतात.

राहिली पैसे बुडण्याची धास्ती. वर्षभराने दुकान बंद करायची वेळ आली असं धरून चला. अनामतीचे ५० हजार परत येतील. रॅक, काउंटर आणि प्रिंटर विकून २५ हजार, आणि माल निम्म्या किमतीत काढला तर ५० हजार. बँकेतले ९० हजार पूर्ण संपले असं समजा. तीन लाखांतले सव्वा लाख परत मिळाले, पावणेदोन लाख गेले. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या शेजारच्या मुलाचा खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास यांचा खर्च त्याच्या वडिलांना विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. फक्त गाळा सोडल्यावर अनामत किती दिवसांत परत मिळणार हे करारात लिहून घेतलं नसेल, तर त्या सव्वा लाखातून ५० हजार आत्ताच वजा करा.