कोझानजीचे ससे आणि बेडूक

कुकडी नदीच्या काठी ओझर हे विघ्नेश्वराचे गाव आहे. तेथून फार दूर नाही असा लेण्याद्रीचा डोंगर. त्यातील चैत्यगृहाच्या खांबांवर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. बौद्ध धर्म पुढे चीन व कोरिया या देशांतून जपानात पोहोचला. तेथील एका मठानेही प्राणी जतन केले. मात्र ते दगडातील नव्हेत, कागदावरचे. आणि मोठे खोडकर!

हा मठ म्हणजे क्योटो शहराजवळच्या डोंगरातील कोझानजी. म्योए नावाच्या आचार्यांनी 1206 साली त्याची नव्याने उभारणी केली. बुद्धाची भूमी पाहावी म्हणून त्यांनी दोनदा भारतयात्रेचा बेत केला, परंतु तो सिद्धीस गेला नाही.

या मठाकडे ‘चोजू-गिगा’ या नावाच्या, चित्रांच्या चार गुंडाळ्या आहेत. त्या बाराव्या-तेराव्या शतकांतील आहेत. पहिली गुंडाळी सुमारे 30 सेंटिमीटर रुंद आणि 11 मीटरांहून अधिक लांब आहे. जुनी जन्मपत्रिका उलगडावी तशी ती उलगडावयाची. पण उजवीकडून डावीकडे. तीत अक्षर एकही नाही. नदीत ससे व माकडे डुंबत आहेत. पुढे ससे आणि बेडूक तिरंदाजी करीत आहेत. कुस्तीत तर एक बेडूक सशाचा कान चावतो व त्याला खुशाल उताणा पाडतो! एके ठिकाणी बुद्धासारखा ध्यानस्थ बेडूक बसला आहे आणि भिक्षूच्या वेषातील माकड त्याची पूजा करीत आहे. मठातील पूजेचीच ही थट्टा. तरी मठाने ती शतकानुशतके सांभाळली.

चित्रांत रंग नाही. केवळ काळी शाई आणि कुंचला. कागदावर उतरलेली शाईची रेघ पुसता येत नाही. सशाची पाठ एका वळणात साधली तर साधली! जपानच्या रानात हत्ती नाही, वाघही नाही. तरी दुसऱ्या गुंडाळीत दोघेही आहेत. परक्या देशांतून आलेली चित्रे पाहूनच तेथील चित्रकार असे प्राणी काढीत.

2009 ते 2013 या काळात या गुंडाळ्यांची डागडुजी झाली. तेव्हा एक नवल उघडकीस आले. तिसऱ्या गुंडाळीतील माणसांची व प्राण्यांची चित्रे मुळात एकाच कागदाच्या दोन बाजूंना होती. कोणा कुशल हाताने तो पातळ कागद मधून सोलून त्याचे दोन कागद केले होते, आणि ते शेजारी शेजारी जोडून दिले होते.