तार कुठे जाते, डेटा कुठे जातो

अगं, टोपोलॉजीची व्याख्या घोकत बसू नकोस. वहीत स्टार, बस, रिंग छान काढतेस, पण लॅबमध्ये पाऊल टाकलंस की सगळं स्टारच दिसतं अन् तू गांगरतेस. साहजिक आहे. एका नेटवर्कचे नकाशे दोन असतात आणि आपण एकच बघतो.

आपल्या खापरखेड्याचंच घे. पॉवर स्टेशनच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, १३४० मेगावॉट दाराशी. पण वीजनिर्मिती कधी वाढवायची, कधी उतरवायची हे सांगतं दूर ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र. स्टेशन चालवते महानिर्मिती, बिल येतं महावितरणचं. मनोरे नि तारा कुठून गेल्या हा फिजिकल नकाशा. कारभार कसा चालतो हा लॉजिकल.

जुन्या हबला चार संगणक जोडले, तर दिसायला स्टार. पण एका पोर्टवर आलेला सिग्नल हब बाकी सगळ्यांकडे ढकलतो, म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं. वागणं बसचं! आयबीएमच्या टोकन रिंगमध्येही तारा मधल्या डब्यात यायच्या, टोकन मात्र एकाकडून दुसऱ्याकडे गोल फिरायचं. आता हब काढून स्विच लाव. तारा त्याच, पण स्विच मॅक पत्ता बघून फ्रेम नेमक्या पोर्टवर धाडतो. त्यावर दोन व्हीलॅन केलेस, तर शेजारच्या दोन पोर्टांनाही बोलायला मध्ये राउटर लागतो.

पटत नसेल तर आजच पॅकेट ट्रेसर उघड आणि तीन स्विच त्रिकोणात जोड. थोड्या वेळानं बाकी दिवे हिरवे होतील, एक नारिंगीच राहील. केबल बदलायला धावू नकोस, ती धडधाकट आहे. स्पॅनिंग ट्रीनं ती वाट मुद्दाम अडवलीय. नाहीतर ब्रॉडकास्ट फ्रेम गरगर फिरत राहून नेटवर्क ठप्प करतील. ही युक्ती राडिया पर्लमन या बाईंची, १९८५ सालची. आता चालू असलेली एक केबल काढून बघ, अडवलेली वाट आपोआप मोकळी होईल.

नोकरीला लागलीस की दोन्ही नकाशे वेगळे ठेव. एकात कोणती केबल कोणत्या पोर्टला, कोणत्या खोलीत; दुसऱ्यात व्हीलॅन, आयपी, राउटरच्या वाटा. बदल केला की तारीख टाक. आणि मुलाखतीत कुणी ‘टोपोलॉजी कोणती?’ म्हणालं, तर बेधडक विचार, ‘सर, फिजिकल की लॉजिकल?’ अर्धे मार्क तिथंच.