राऊटरची किल्ली

गावच्या वाचनालयात इंटरनेट येते. भिंतीवर एक लहान पेटी बसते. तिला राऊटर म्हणतात. शेतकरी दारे धरतो आणि पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात सोडतो. तसेच ही पेटी इंटरनेट प्रत्येक मोबाइलला वाटून देते.

या पेटीच्या किल्ल्या दोन. पहिली वाय-फायच्या पासवर्डची. ती बाहेरच्या दाराची किल्ली. ती असली की इंटरनेट वापरता येते. दुसरी किल्ली खुद्द पेटीची. ती कोठीची किल्ली. ती हाती आली की पहिली किल्ली बदलता येते. कोणाचेही इंटरनेट तोडता येते. बँकेचे पान उघडणाऱ्याला बनावट पानावर नेता येते. वाचनालयात कोणी सातबारा पाहतो, कोणी परीक्षेचा अर्ज भरतो. म्हणून ही किल्ली जपलीच पाहिजे.

पुष्कळ पेट्या कारखान्यातून येतात, तेव्हा खात्याचे नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असतो. हे जसे आपल्याला ठाऊक, तसे चोरालाही ठाऊक!

२०१६ साली ‘मिराई’ नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला. त्याच्यापाशी कारखान्यातल्या साठेक नावा-पासवर्डांची यादी होती. ती लावून लावून त्याने लाखो कॅमेरे नि राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याकरवी ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर मारा झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास नीट चालेनात. कुलूप होते, पण किल्ली दारातच टांगलेली होती.

मग आपण काय करावे?

१. पेटीच्या बुडाशी चिठ्ठी असते. तिच्यावर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता पुष्कळदा असतो. जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत लिहावा. मग चिठ्ठीवरचे नाव व पासवर्ड घालून आत जावे.

२. हा पासवर्ड लगेच बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा. गावाचे नाव, फोन नंबर नको. वाय-फायचा पासवर्ड निराळाच ठेवावा.

३. काही राऊटरांत अनेक खाती उघडता येतात. ‘मिक्रोटिक’च्या राऊटरात खात्यांचे तीन गट तयारच असतात. ‘फुल’वाल्याला सगळे करता येते. ‘राइट’वाल्याला फेरफार करता येतो, पण दुसऱ्यांची खाती उघडता येत नाहीत. ‘रीड’वाल्याला फेरफार करता येत नाही. ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार द्यावा.

४. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. एकच किल्ली चौघांत फिरली, तर कोणी काय केले ते कळत नाही. मग नाहक भांडणे होतात.

५. माणूस काम सोडून गेला, की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. यात त्याचा अपमान नाही. त्याच्यावर उद्या आळ येऊ नये, यासाठीच हे करायचे.

६. पेटी हाताला लागेल अशी ठेवू नये. तिला ‘रीसेट’चे बारीक बटण असते. ते थोडा वेळ दाबून धरले, की आपण घातलेले सगळे पुसते आणि कारखान्यातला पासवर्ड परत येतो!

घराची किल्ली आपण कुणाच्याही हाती देत नाही. इथेही तसेच वागावे.

सांगा पाहू :
१. राऊटरच्या दोन किल्ल्या कोणत्या?
२. प्रत्येकाचे खाते वेगळे का हवे?
३. तुमच्या राऊटरचा पहिला पासवर्ड बदलला आहे का? घरी जाऊन पाहा.