कान्हेरीतला संत जोसाफत

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी साहित्यात एम.ए. करते आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली तीन पेट्यांची गोष्ट बुद्धाच्या चरित्रातून आली, असं तिला वर्गात सांगितलं म्हणे. हे 'सगळं मूळ आपल्याकडचंच' या छापाचं तर नाही ना? आणि एक नाटक शिकायला इतक्या धर्मांत कशाला शिरायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा संशय निम्मा बरोबर आहे. पेट्यांची गोष्ट बुद्धचरित्रात नाही. अश्वघोष किंवा 'ललितविस्तर' चाळत बसलात तर हाती काही लागायचं नाही. पण ही गोष्ट ज्या पोथीतून युरोपभर पसरली, तिचा नायक मात्र बुद्धच आहे. त्याचं नाव तिथे जोसाफत, आणि तो ख्रिस्ती संत.

पोथीतली कथा अशी : हिंदुस्थानातल्या एका राजाला मुलगा होतो. हा राज्य सोडून जाईल, असं भाकीत होतं. राजा त्याला महालात कोंडून वाढवतो. दुःख, आजार, म्हातारपण त्याच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करतो. एके दिवशी राजपुत्र बाहेर पडतो, रोगी दिसतो, आंधळा दिसतो, मग जख्ख म्हातारा. पुढचं तुम्हीच सांगाल. फरक इतकाच की इथे बार्लाम नावाचा तपस्वी रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेषात येतो आणि राजपुत्राला ख्रिस्ताच्या मार्गाला लावतो. रोमच्या संतनामावलीत या दोघांना 27 नोव्हेंबर हा दिवसही मिळाला.

नावाचं काय झालं ते ऐका. बोधिसत्त्वाचा इराण-इराककडे 'बूदासफ' झाला. अरबी लिपीत शब्दाच्या आरंभीचा ब आणि य सारखेच दिसतात. ब-खाली एक टिंब, य-खाली दोन. कुणा नकलाकाराच्या बोरूतून टिंब चुकलं आणि बूदासफचा यूदासफ झाला. आपल्याकडे ध चा मा झाला, तिकडे ब चा य. पण यात कुणाचा जीव गेला नाही, उलट एक संत जन्माला आला. जॉर्जियन भाषेत योदासफ, ग्रीकमध्ये योआसाफ, लॅटिनमध्ये जोसाफत. अरबी पोथीत ख्रिस्ताचं नावही नव्हतं. कथेला ख्रिस्ती रूप दिलं ते जॉर्जियाच्या भिक्षूंनी. त्यांच्यातलाच एक, आथोस पर्वतावरचा युथिमिऊस, याने ती ग्रीकमध्ये नेली असं आज मानतात. 1048 मध्ये ती लॅटिनमध्ये उतरली. तेराव्या शतकात बार्सेलोनाच्या इब्न हसदाय यांनी हिब्रूत 'राजपुत्र आणि संन्यासी' या नावाने तिचं वेगळंच रूप मांडलं. म्हणजे बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा सगळ्यांनी ही कथा आपापली म्हणून वाचली.

आता पेट्या. बार्लाम राजपुत्राला दृष्टान्तांवर दृष्टान्त सांगतो, त्यातला हा एक. फाटक्या कपड्यांतल्या दोन तपस्व्यांपुढे राजा लोटांगण घालतो म्हणून दरबारी नाकं मुरडतात. राजा चार पेट्या करवतो. दोन सोन्याने मढवलेल्या, आत कुजकी हाडं. दोन डांबर फासलेल्या, आत रत्नं. दरबारी अर्थातच सोन्याच्या पेट्यांना भाव देतात. हा दृष्टान्त प्रवासात कुठे चिकटला ते सांगता येत नाही. भारतातून निघाला असंही म्हणवत नाही. पुढे 'गेस्ता रोमानोरुम' या लॅटिन कथासंग्रहात सोनं, चांदी आणि शिसं अशा तीन पेट्या येतात, आणि तिथून पोर्शियाच्या घरी. तेव्हा मुलीला म्हणावं, 'बुद्धाच्या चरित्रातून' असं नको, 'बुद्धाच्या गोष्टीच्या गाठोड्यातून' असं लिही.

भारतातून गेलेली गोष्ट हवी असेल तर ती त्याच पोथीत दुसरी आहे, आणि ती तुमच्या ओळखीची आहे : विहिरीत वेलीला लोंबकळणारा माणूस. खाली अजगर, वर हत्ती, वेल कुरतडणारे काळा-पांढरा असे दोन उंदीर, आणि हा पठ्ठ्या टपकणारा मध चाटतोय. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर ती धृतराष्ट्राला सांगतो. जैन घरांत तिला मधुबिंदू म्हणतात. बार्लामच्या तोंडी येईपर्यंत हत्तीचा एकशिंगी घोडा झाला, अजगराचा ड्रॅगन झाला, उंदीर मात्र उंदीरच राहिले. इटलीत पार्मा इथल्या बाप्तिस्मागृहाच्या दारावर आंतेलामी या शिल्पकाराने हे झाड कोरलं आहे. टॉलस्टॉयने आपल्या 'कबुलीजबाबा'त ही पूर्वेकडची जुनी कथा म्हणून घेतली.

धर्मांत कशाला शिरायचं, याचं उत्तर इथे आपोआपच मिळतं. नुसतं इंग्रजी साहित्य शिकलेला 'गेस्ता रोमानोरुम'पाशी थांबतो, चर्चचा इतिहासकार ग्रीक पोथीपाशी, आणि टिंबाचं रहस्य अरबी न जाणणाऱ्याला कळत नाही. 'ललितविस्तरा'चं फ्रेंच भाषांतर आल्यानंतर, 1859-60 मध्ये, लाबुले आणि लीब्रेख्त या अभ्यासकांनी जोसाफत म्हणजे बुद्ध हे उलगडून दाखवलं. तोवर पोथ्या होत्या, वाचणारेही होते. फक्त दोन्हीकडच्या पोथ्या एका टेबलावर आलेल्या नव्हत्या.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आपले पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांची. रोगी, म्हातारा, प्रेत पाहून गौतम घर सोडून गेला, हे त्यांना पटलं नव्हतं. पाली सुत्तांत हा प्रसंग विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाचा आहे, तो मागाहून गौतमाला जोडला, असं ते दाखवतात. म्हणजे जो भाग सगळ्यांत लांब गेला, ज्याने रोमची संतनामावली गाठली, तोच इतिहास म्हणून सगळ्यांत कच्चा! इतिहासाच्या परीक्षेत नापास झालेली गोष्ट साहित्यात मात्र जग फिरून आली.

आणि ती घरीही परतली. 1534 पासून साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं. गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख दियोगु दु कौतु हा बखरकार तिथे कान्हेरीची लेणी पाहायला गेला. 1612 मध्ये छापलेल्या आपल्या पाचव्या 'देकादा'त तो लिहितो की बुद्धाची हकीकत आणि संत जोसाफतची हकीकत तंतोतंत जुळते. कदाचित दोघे एकच असावेत. लाबुले-लीब्रेख्तच्या जवळपास अडीचशे वर्षं आधी! लेणी कोणी खोदली, असं त्याने साष्टीतल्या एका अतिवृद्ध माणसाला विचारलं होतं. म्हातारा म्हणाला, यात शंकाच नको. जोसाफतच्या बापाने, मुलाला जगापासून लांब ठेवायला.

त्याने हे नाव वाडवडिलांकडून ऐकलं असणं कठीण आहे. माझ्या मते ते त्याला चर्चमधल्या प्रवचनातूनच कळलं असणार. बौद्ध भिक्षू कान्हेरी सोडून गेले होते, आणि त्यांची गोष्ट लिस्बनच्या गलबतातून, लॅटिन नाव घेऊन, त्याच डोंगराखाली उतरली होती. बोरिवलीला कधी जाणं झालंच तर मुलीला तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहात, घेऊन जा. पुस्तक सोबत असू द्या, शेक्सपिअरचं.