जुन्या मोटारीची विमा-किंमत
बारडोलीजवळ काकांच्या आठ वर्षे जुन्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा मी प्रथमच विम्याची पॉलिसी वाचली. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफप्रमाणे गाडीच्या वयानुसार घसारा वजा होतो. पाचव्या वर्षी तो ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता नाही. रक्कम विमेदार व कंपनी यांनी संमतीने ठरवायची. हप्ता वाचावा म्हणून काकांनी ती अवघी १,६०,००० रुपये ठेवली होती. दुरुस्तीचा अंदाज निघाला १,३०,०००. म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. साहजिकच गाडी ‘पूर्ण नुकसान’ ठरली. बाजारभाव दोन लाखांवर असूनही हाती पॉलिसीतलाच आकडा आला, तोही नियमाची वजावट होऊन. तात्पर्य, जुन्या गाडीची किंमत अपघातानंतर नव्हे, नूतनीकरणाच्या दिवशीच ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी घरच्यांना तो आकडा वाचून दाखवा.