धावपट्टी संपते तेथे



आमच्या मालेगावात यंत्रमागांची खडखड आणि गाठींनी भरलेले ट्रक यांचे कोणाला नवल वाटत नाही. असा ट्रक आणि विमान यांची टक्कर होईल का, असे कोणी विचारले तर तुम्ही हसाल. विमान आकाशात, ट्रक रस्त्यावर. दोघांची भेट होणार कोठे? पण अशी भेट आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईकडे निघाले. विमानात ११८ माणसे होती आणि भार बराच होता. धावपट्टीच्या जवळजवळ टोकाशी विमान जमिनीवरून सुटले. टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि नेमका त्याच क्षणी कापसाच्या गाठींचा एक ट्रक तेथून चालला होता. विमानाची डावीकडची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर ट्रकवर आदळला. पुढे विमान उच्चदाबाच्या विजेच्या तारांना अडकून कोसळले. ५५ जण दगावले, ६३ वाचले.

तीन सेकंदांचे गणित

धावपट्टी अपुरी कशी पडते हे समजण्यासाठी एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. हे आकडे त्या विमानाचे नव्हेत. समजा, धावपट्टी ६००० फूट, म्हणजे सुमारे १८२९ मीटर लांब आहे. जमीन सोडण्यासाठी विमानाला सेकंदाला ७० मीटर वेग लागतो आणि त्याचे त्वरण दर सेकंदाला १.५ मीटर प्रति सेकंद आहे. वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागले की अंतर मिळते, हे तुम्ही शिकला आहात. ४९०० भागिले ३, म्हणजे सुमारे १६३३ मीटर. शिल्लक उरले १९६ मीटर. इतके अंतर विमान पावणेतीन सेकंदांत ओलांडते. वैमानिकाने विमानाचे नाक उचलण्यास तेवढा उशीर केला की शिल्लक संपली!

आता उन्हाळा आणू. हवा तापली की विरळ होते. तापमान १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी घटते. पंखांना तितकीच उचल मिळण्यासाठी वेगाचा वर्ग सुमारे ८.७ टक्क्यांनी वाढावा लागतो. आपल्या विमानाला आता १७७५ मीटर लागतील. शिल्लक फक्त ५४ मीटर, म्हणजे पाऊण सेकंद. शिवाय विरळ हवेत इंजिनाचा जोरही कमी पडतो. म्हणूनच उष्ण दिवशी लहान धावपट्टीवरून निघताना विमानात किती भार घ्यायचा, याचा हिशेब आधी करावा लागतो.

चूक कोणाची?

चौकशीत दोन गोष्टी ठरल्या. वैमानिकांनी नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धतही चुकली, ही पहिली. दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित ठेवण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अयशस्वी ठरले होते. म्हणजे दोष आकाशात होता, तसाच जमिनीवरही होता. माणूस केव्हातरी चुकणारच. त्या चुकीला मोकळी जागा ठेवणे हेच सुरक्षेचे काम. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या धावपट्टीच्या टोकापलीकडे सुरक्षा क्षेत्र राखावे लागते. ते किमान ९० मीटर असावेच, आणि २४० मीटर असावे अशी शिफारस आहे.

तीन ठिकाणे, तीन रीती

असाच धोका इतरत्र लोक कसा हाताळतात ते पाहू. जिब्राल्टरमध्ये शहराचा मुख्य रस्ता चक्क धावपट्टीला ओलांडून जात असे. विमान आले की फाटक बंद, मग कोणीही असो, थांबायचे! २०२३ साली तेथे वाहनांसाठी बोगदा खुला झाला. कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर याच्या उलट प्रकार आहे. धावपट्टीच्या टोकाशी समुद्रकिनारा आहे. इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत, तरी इंजिनांचा झोत अंगावर घेण्यासाठी पर्यटक कुंपणाला धरून उभे राहतात. २०१७ साली तेथे न्यूझीलंडहून आलेली एक स्त्री या झोताने फेकली जाऊन मरण पावली.

या दोहोंत एक फरक लक्षात घ्या. कुंपणाला धरणारा माणूस धोका स्वतः पत्करतो. बीड रस्त्यावरच्या ट्रकचालकाला आणि विमानातील प्रवाशांना मात्र कोणी विचारले नव्हते. दुसऱ्यावर लादलेल्या धोक्यासाठी नुसता फलक पुरत नाही. तेथे फाटक हवे, नाही तर बोगदा.

आणि आपली रीत? “आजवर काही झाले नाही, मग आजच काय होणार?” हे वाक्य तुम्ही घरी, रस्त्यावर, बसमध्ये ऐकले असेल. त्याची पारख गणिताने करू. समजा, एखाद्या दिवशी अपघात होण्याची शक्यता हजारात एक आहे. तो टळण्याची शक्यता हजारात ९९९. सलग हजार दिवस तो टळत राहण्याची शक्यता काढायची तर ०.९९९ ला स्वतःनेच हजार वेळा घेऊन गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे तीन वर्षांच्या आत अपघात होण्याची शक्यता ६३ टक्के! तरीही त्यांतील बहुतेक सकाळी आपण “काही झाले नाही” असेच म्हणत असू. काही न होणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

ही रीत आपल्या रक्तातच आहे, असे मात्र मी मानत नाही. रेल्वेच्या बंद फाटकाशी आपणही थांबतो, कारण तेथे फाटक असते आणि ते बंद करणारा माणूस असतो. व्यवस्था नीट असली की सवय बदलते.

करून पाहा : तुमच्या शाळेसमोरून एक मोटारसायकल ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते. चालकाने ब्रेक दाबण्यास एक सेकंद उशीर केला तर ती किती मीटर पुढे जाईल? तेवढे अंतर शाळेच्या पटांगणात पावलांनी मोजा. मग फाटकाबाहेर पाहा : शाळा सुटल्यावर तेवढ्या अंतरात किती मुले उभी असतात? (उत्तर : १५ मीटर. मुलांची संख्या तुम्ही मोजायची आहे.)